दुसरबीडात बसून दुसरं गाव वसवताना

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, आठ अ, पीकविमा, पोरांची शिष्यवृत्ती, नॉन-क्रिमिलेयर, ज्याला जे लागेल ते. दिवसभर दुसऱ्यांच्या वतीने 'महोदय' लिहितो आणि रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर स्वतःसाठी एक मुलूख लिहितो. हा मुलूख पृथ्वीवर कुठेच नाही. त्याच्या नद्या, त्याचे कर, तिथले सणवार, तिथल्या शिव्या, सगळं माझं.

याला 'वर्ल्डबिल्डिंग' म्हणतात. मी 'गाव वसवणं' म्हणतो, कारण आपल्याकडे गावच वसवतात. यात गोष्ट लिहायची नसते. गोष्ट घडायच्या आधी जे जे असावं लागतं ते लिहायचं असतं. दर डिसेंबरात जगभरचे हौशी लोक 'वर्ल्डएम्बर' नावाचं आव्हान घेतात: महिनाभरात आपल्या कल्पित जगाबद्दल १०,००० शब्द. एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम अमेरिकेत १९९९ साली सुरू झाला होता, त्याच जातकुळीतलं हे खूळ. मला भाच्याने सांगितलं आणि २०२२ साली मी बसलो. २,१४० शब्दांवर आडवा झालो. २०२३ साली सहा हजारांच्या अलीकडे थांबलो. २०२४ साली पार पडलो. चुका मात्र सगळ्या डिसेंबराआधीच्या, म्हणजे तयारीतल्या. त्या क्रमाने सांगतो.

१. नकाशा सगळ्यात आधी काढला आणि तिथेच फसलो

पहिल्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या मी ड्रॉइंगशीट आणली. टोल्किनने नकाशा हाताशी धरून लिहिलं; अर्सुला ले ग्विनने 'अर्थसी'ची बेटं आधी कागदावर काढली आणि मग १९६८ साली तिथे आपला जादूगार पाठवला, असं वाचलं होतं. मग आपण कोण मागे राहणारे? अठरा दिवस डोंगर रंगवले. अकरा पिढ्यांची राजवंशावळ केली. एक तारखेला लिहायला बसलो तेव्हा कळलं, की या मुलखातल्या एकाही गावात माणूस सकाळी उठून काय खातो हे मला माहीत नाही. वर धाकट्याने शीटवर वाकून विचारलं, "पप्पा, ही नदी डोंगरावर चढते का?"

चढत होती. डोंगर मी मागून काढला होता.

तशी आपल्या जिल्ह्याने नद्यांच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त सूट घेतली आहे. आमच्या खडकपूर्णेचं पाणी पुढे पूर्णा म्हणून गोदावरीला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. घाटाखाली जी वाहते तीही पूर्णाच, पण ती तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. एका जिल्ह्याशी नातं सांगणाऱ्या एकाच नावाच्या दोन नद्या आणि दोघींच्या वाटा दोन समुद्रांना! मी असं काढलं असतं तर धाकट्याने तेही खोडून काढलं असतं.

आता नकाशा सगळ्यात शेवटी. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलने.

२. त्या मुलखात कोणाची काय तक्रार आहे, ते आधी ठरवा

हे मला कळलं ते २०२३ च्या उन्हाळ्यात. एक आबा दुकानात आले. सत्तरीचे असतील. धोतर, डोक्याला रुमाल, कॅरीबॅगमध्ये घडी घालून फाटायला आलेला सातबारा. त्यांच्या वावरात विहीर होती, वडिलांनी खोदलेली, भावकीत सामाईक, पाळीपाळीने पाणी घ्यायची. नव्या उताऱ्यावर तिची नोंदच दिसत नव्हती. मी उतारा खालून वर, वरून खाली दोनदा पाहिला. इतर हक्काचा रकाना पाहिला. नव्हतीच.

आबांनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, ईर हाये तिथंच हाये. पण कागदावरून उठून गेली पाहा."

मी अर्ज लिहून दिला, वीस रुपये घेतले. रात्री जेवताना ते वाक्य परत आलं. विहीर उठून गेली. आणि खरंच जाता आली तर? असा मुलूख, जिथे विहिरी रात्रीतून जागा बदलतात. मग पाणी कोणाचं? जिच्या पोटी जन्मली त्या जमिनीचं, की आज जिथे मुक्काम आहे तिथलं? पोरीच्या लग्नात विहीर आंदण देता येईल का? रुसलेली विहीर आणायला कोण जातं, आणि जाताना काय नेतं?

नकाशाने जे अठरा दिवसांत दिलं नाही ते या एका वाक्याने एका जेवणात दिलं. तेव्हापासून माझी तयारी म्हणजे त्या मुलखातले अर्ज लिहिणं. अर्ज लिहायची सवय हाताला आहेच. पहिला असा होता:

*प्रति,*
*मा. विहीर-कारकून साहेब, मौजे ओलांडी बुद्रुक.*
*विषय : आमची विहीर चार पौर्णिमांपासून घरी न आल्याबाबत.*
*महोदय,*
*वरील विषयी विनंती अर्ज सादर करतो की, आमची वडिलोपार्जित विहीर, खोली सात पुरुष, पाणी गोड, ही मागील पेरणीपासून शेजारच्या शिवारात मुक्कामी आहे. तिला आणण्यास आम्ही दोन वेळा गेलो. विहीर येण्यास तयार आहे, परंतु शेजारी दोर सोडत नाही. आमच्याजवळ पाणीपट्टीची पावती आहे. सबब विहीर आमच्या हद्दीत परत मिळावी, ही नम्र विनंती.*

एवढ्यात काय काय आलं पाहा. या मुलखात विहिरींचा वेगळा कारकून आहे. महिने पौर्णिमांनी मोजतात. पाण्यावर पट्टी आहे आणि पावती मिळते. ताबा दोरावर ठरतो. विहिरीला मन आहे, पण तिचं म्हणणं कोणी लिहून घेत नाही. प्रत्येक वाक्यामागे एक रात्रभर पुरेल एवढं काम निघालं. दोराचा नुसता कायदा लिहिला तर सहाशे शब्द झाले, त्यात सुताचा दोर आणि अंबाडीचा दोर यांचा दर्जा वेगळा.

तयारीच्या महिन्यात असे बारा-पंधरा अर्ज लिहून ठेवतो. सुनेचा सासरच्या पाण्याबद्दलचा, भटजीचा दक्षिणेबद्दलचा, एक निनावी. निनावी अर्ज सगळ्यात कामाचा. त्यात लोक खरं लिहितात, हा दुकानातला अनुभव.

३. डिसेंबराचे दिवस ३१ धरू नका

१०,००० भागिले ३१ म्हणजे रोजचे ३२३ शब्द. हा हिशोब मी पहिल्या वर्षी भिंतीवर चिकटवला होता आणि पहिल्याच आठवड्यात तो कोसळला. डिसेंबरात आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते, तूर पिवळी पडायला लागलेली असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. शेताची लाइट रात्रपाळीला असली की मोटर चालू करायला मलाच जावं लागतं. तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू होतात. बाजाराच्या दिवशी दुकानात मुंगी शिरायला जागा नसते. त्यात १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, त्याच्या पावत्या आणि पत्रकं महिनाअखेरीपासून छापायला येतात.

आता मी कॅलेंडर उतरवून आधी हे सगळे दिवस पेनने काट मारून टाकतो. उरतात बावीस. म्हणजे रोजचे ४५५. आकडा मोठा दिसतो, पण खरा असतो.

एक गोष्ट इंग्रजीत लिहिणाऱ्यांना सांगून कळणार नाही. त्यांना 'विहिरीच्या काठावरच्यांनाही' म्हणायला पाच-सात शब्द मिळतात, आपले दोनच मोजले जातात. विभक्ती शब्दाला चिकटते आणि मोजणीत मार खाते. आपले दहा हजार त्यांच्यापेक्षा भरीव असतात. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, मामा, मग आठ हजारच करा. ते काही मला पटलं नाही.

४. गावांना दोन नावं द्या : एक सरकारी, एक खरं

सुरुवातीला माझ्या गावांची नावं झेंडोरा, मॅल्थार अशी होती. आज वाचताना कानकोंडं होतं. नावांची शाळा आपल्या तालुक्यातच भरलेली असताना मी बाहेर कशाला गेलो कोण जाणे.

साखरखेर्ड्याचं घ्या. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि दख्खनेत आपलं बस्तान बसवलं. जिंकल्याच्या आनंदात त्याने गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं. तीनशे वर्षं झाली. आज साखरखेर्ड्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला 'फत्तेखेर्ड्याला चालले का' विचारा आणि चेहरा बघा. निजामाने राज्य मिळवलं, नाव मात्र लोकांनी हातचं सोडलं नाही. माझ्या मुलखातही आता जिंकणाऱ्याने ठेवलेलं नाव फक्त दगडी पाटीवर असतं आणि पाटीला लोक बैल बांधतात.

तसंच 'राजा'चं. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा. लखुजी जाधवरावांच्या घराण्याची ही खूण म्हणून सांगतात. घराण्याचं राज्य सरलं, शेपूट नावांना राहिलं. माझ्याकडे एका बुडालेल्या राणीचं शेपूट असंच सात गावांना आहे. राणीची हकिकत मी अजून लिहिलेली नाही, तिची गरज पडली नाही.

बुद्रुक आणि खुर्द मात्र जपून. ओलांडी बुद्रुक लिहिलं की ओलांडी खुर्द कुठेतरी असावंच लागतं आणि तिथल्या लोकांना बुद्रुकवाल्यांचा राग असावाच लागतो. हे आपोआप गळ्यात पडतं.

५. लिपी बनवायच्या भानगडीत पडलात तर कारण तयार ठेवा

२०२३ च्या तयारीत मी दहा रात्री एक लिपी बनवण्यात घालवल्या. छत्तीस अक्षरं, सगळी विहिरीच्या चाकासारखी गोल. दिसायला देखणी. तिच्यात एक ओळसुद्धा लिहायचं कारण मला डिसेंबरभर सापडलं नाही.

महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्या याच सुमाराला वाचनात आल्या. सकळ, सुंदरी अशा लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं ठेवले. बाहेरच्या अभ्यासकांना ते उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्यांना पंथ सांभाळायचा होता. मला काय सांभाळायचं होतं? बायको वाचेल एवढीच भीती.

पण महानुभावांकडून दुसरी गोष्ट उचलली, ती लाखमोलाची निघाली. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, त्या जागांची त्यांच्या अनुयायांनी नोंद ठेवली. तिला 'स्थानपोथी' म्हणतात. आपल्या भागातलं लोणार, मेहकर त्यांच्या वाटेवरचंच. या पोथीची रीत अशी, की देऊळ कोणत्या तोंडाचं, त्याच्या कोणत्या अंगाला काय, स्वामी कुठे बसले, हे दिशा धरून सांगायचं. देवळाच्या सौंदर्याचं वर्णन करत बसायचं नाही. मी दोनशे पानी वही घेतली, वर 'स्थानवही' लिहिलं आणि त्याच धर्तीवर एका गावाला एक पान दिलं. वेस कोणत्या दिशेला, आत शिरल्यावर उजव्या हाताला काय, सावली कुठे पडते, कुत्री कुठे झोपतात. २०२४ साली डिसेंबरात अडलो की ही वही उघडायची आणि वेशीतून आत चालत जायचं. तिसऱ्या-चौथ्या घरापाशी कोणीतरी बोलायला लागतंच.

६. एका गोष्टीची निदान दोन कारणं ठेवा, आणि न मानणारा एक माणूस

लोणार आमच्यापासून जवळ. पाहुणा आला की तिकडेच नेतो. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं विवर, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, खाली खारं पाणी. पण ते पाणी खारं का, याचं गावातलं कारण निराळं आहे: लवणासुर तिथे दडून होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ गावात उभं आहे. एकाच खड्ड्याच्या या दोन कथा शेजारी शेजारी नांदतात, कोणी भांडत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण दिलं. माझ्या दुकानात त्या आठवड्यात मी तीन कारणं ऐकली. त्यातलं एक कोरोनाचं होतं.

पहिल्या वर्षीच्या माझ्या जगात प्रत्येक गोष्टीला एकच कारण होतं आणि ते मलाच माहीत होतं. त्यामुळे सगळं शाळेच्या पुस्तकासारखं वाचायला यायचं.

विधी-चालीरीतींच्या बाबतीत भेंडवळची घटमांडणी डोळ्यांसमोर ठेवावी. जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचं रिंगण मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाचे चार महिने म्हणून. वर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, करंजी, कुरडई, पापड; पानसुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, कोणता दाणा हलला, पान जागेवर आहे का, हे पाहून वर्षाचं भाकीत. पाऊस, पीक, राज्यकारभार, सगळं त्यात.

यात चमत्कारी वस्तू एकही नाही. सगळं वावरातलं आणि स्वयंपाकघरातलं. म्हणूनच ते मनात बसतं. मी मात्र माझ्या मुलखाच्या सणाला काय योजलं होतं? स्फटिक! आता तिथे विहिरीपुढे शिळी भाकरी ठेवतात. भाकरी फुगून वर आली तर विहीर वर्षभर थांबणार.

आणि भेंडवळला अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा विरोध आहे, हेही विसरू नये. भाकरी फुगते कारण ती भिजते, असं म्हणणारी एक म्हातारी मी ओलांडीत ठेवली आहे. सणाच्या दिवशी ती घराला कडी लावून बसते. तिच्या कडीवर मी पाचशे शब्द लिहिले.

७. एक गोष्ट बदला आणि चहाच्या टपरीपर्यंत तिच्या मागे जा

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. मी पहिल्या प्रयत्नात अडकून पडलो होतो तो हाच महिना. रस्ता आमच्याच तालुक्यातून जातो. तोवर नागपूरकडून मेहकर, सुलतानपूर, बिबी करत जालन्याकडे जाणाऱ्या ट्रका आणि ट्रॅव्हल्स आमच्या दारावरून जायच्या. रात्री दुकान बंद करताना रस्ता ओलांडायला थांबावं लागे. मग थांबावं लागेना.

मी तेव्हा अकरा पिढ्यांचे राजे लिहीत होतो आणि दारात राज्य बदलत होतं. पहाटेपर्यंत चालणारी टपरी दहाला बंद व्हायला लागली. पंक्चरवाल्याने भावाला पुण्याला पाठवलं. वडापावचा आकार तोच राहिला, बटाटा कमी झाला. याआधी आमचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला तेव्हाही हेच झालं असणार, पण तेव्हा मला बघायची नजर नव्हती. कारखाना गेला म्हणजे उसाच्या बैलगाड्या गेल्या, बैलगाड्या गेल्या म्हणजे चाकांना धाव बसवणारा गेला, एवढी साखळी मोठ्या माणसांनी सांगितली तेव्हा कळली.

आता एक बदल घेतो आणि हातातलं बोट न सोडता त्याच्या मागे जातो. विहिरी चालायच्या थांबल्या तर? आधी दोर वळणारे बसतात. मग अंबाडी कोणी पेरत नाही. मग अंबाडीची भाजी महाग होते. मग एका घरात भाकरीबरोबर काय खायचं यावरून भांडण होतं. त्या भांडणापर्यंत पोचलं की थांबायचं. तिथून पुढे गोष्ट सुरू होते आणि ती जानेवारीतली.

८. मोबाइलला सांगून लिहायला जाऊ नका

एका रात्री हात दुखत होता म्हणून बोलून टाइप केलं. आमच्या तोंडची 'ईर' मोबाइलने 'वीर' केली. सकाळी वाचलं तर माझ्या मुलखात वीर कोरडे पडत होते, वीर खोदायला मजूर मिळत नव्हते आणि एका घरात वीर पोरीला आंदण दिला होता. शब्द मात्र सातशे भरले. ते मी मोजणीत धरले, हे कबूल करतो.

९. नाव झाकून लिहायला लाजू नका

दोन वर्षं मी घरच्यांखेरीज कोणाला सांगितलं नाही. गावात कळलं असतं तर 'काय मास्तर, इंद्रदेवाच्या दरबारात काय चाललं' सुरू झालं असतं. मी मास्तर नाही, पण चष्मा आहे.

मग जयंत नारळीकरांची हकिकत वाचली आणि धीर आला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, मग नाव उघडं झालं. आमचं कारण उलटं, हे खरं. त्यांचं नाव मोठं होतं आणि परीक्षकांवर त्याचं दडपण येऊ नये असं त्यांना वाटलं. माझं नाव तेवढं ओळखीचं नाही, मला फक्त टपरीवरच्या लोकांचं दडपण. पण झाकल्या नावाने हात मोकळा चालतो, हे दोन्हीकडे सारखं.

मीही आद्याक्षरं उलटवून पाहिली. माझी उलटी केली तरी तशीच येतात.

१०. सगळं वसवायला जाऊ नका

जी. ए. कुलकर्ण्यांचं 'रमलखुणा' १९७५ सालचं. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा मी दर ऑक्टोबरात वाचतो. नकाशा नाही, वंशावळ नाही, परिशिष्ट नाही, आणि तरी तो मुलूख आपल्यापेक्षा जुना वाटतो. ते कसं केलं हे मला अजून उमगलेलं नाही. एवढं कळतं, की त्या माणसाने पुष्कळ दारं लोटून ठेवली आहेत आणि आत दिवा लावलेला नाही.

माझ्या स्थानवहीत आता काही पानांवर फक्त गावाचं नाव आहे.

११. दाखवायचंच तर तक्रार कळणाऱ्याला दाखवा

पहिल्या वर्षी भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, छान आहे मामा, यात ड्रॅगन कधी येणार? दुसऱ्या वर्षी बायकोने वाचलं. तिने विचारलं, "अहो, तुमच्या मुलखात बाया पाणी भरायला इतक्या लांब जातात, मग विहिरीवरचा कारकून बाप्या कसा?" तेव्हापासून कारकून बाई आहे, आणि मुलखाचा कारभार पुष्कळ सुधारला आहे.

२०२४ च्या डिसेंबरात, २७ तारखेला, ते आबा परत आले. त्यांच्या विहिरीचं अजून व्हायचं होतं. स्मरणपत्र लिहून हवं होतं. मी ते लिहिलं, प्रिंट काढली, त्यांनी सही केली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, मी वही काढली आणि म्हटलं, आबा, एक अर्ज ऐकता का, दुसऱ्या गावचा आहे. विहीर घरी न आल्याचा तो अर्ज मी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला.

आबा हसले नाहीत. कोणतं गाव, तेही विचारलं नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून ऐकत राहिले. 'शेजारी दोर सोडत नाही' या वाक्याला मान हलवली. वाचून झाल्यावर थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले.

"बरा हाये," म्हणाले. "पण साक्षीदार काऊन नाही लिहिला? ईर तिकडं गेली हे पाह्यलं कोणी?"

मी पेन उचललं आणि खाली लिहिलं: साक्षीदार, रात्री राखणीला असलेला एक गडी. त्याचं नाव, वय, तो त्या वेळी जागा का होता, चंद्र कुठे होता, विहीर जाताना पाणी हिंदकळल्याचा आवाज त्याने कसा ऐकला. आबा वीस रुपये काढायला लागले, ते मी घेतले नाहीत. आकडा त्या रात्री नऊ हजार सातशेच्या पुढे गेला होता.